ब्रागांझाच्या कॅथरिनचें लग्न व मुंबईचें आंदण

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं देवळाचा पाया कोणी घातला, घंटा कोणी दिली, पहिले धर्मगुरु कोण होते, ह्या गोष्टींचें स्मरण करण्याची आपल्यांत चाल आहे व ती योग्यच आहे. परंतु आपल्या समाजाच्या इतिहासाचे कांहीं धागे गांवच्या वेशीबाहेर, किंबहुना समुद्रापार गेलेले आहेत. त्यांतील एक धागा लिस्बन व लंडन येथील राजवाड्यांत जाऊन पोंचतो. पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नांत मुंबई आंदण दिली, हें वाक्य शाळेंतील मुलांनाही पाठ असतें. पण त्या आंदणाबरोबर बेटावरील माणसेंही दिलीं गेलीं, आणि त्यांच्या धर्माविषयीं करारांत स्वतंत्र वचन घातलेलें होतें, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत असते. तें लग्न कां झालें, त्यापासून कोणाला काय मिळालें व त्या वचनाचें पुढें काय झालें, हें ह्या स्मरणिकेच्या वाचकांपुढें थोडक्यांत मांडावें, असें आम्हीं योजिलें आहे.

राजघराण्यांतील विवाह पूर्वीं दोन राज्यांचे सोयरसंबंध म्हणूनच ठरत. मुलगी पाळण्यांत असतांनाच तिच्यासाठीं दरबारी वकील फिरूं लागत, आणि कलमें, तारखा व रकमा ठरल्यावर मग वधूवरांचीं चित्रें एकमेकांस पाठवीत. इंग्लंड व पोर्तुगाल ह्यांच्यांत ही रीत जुनी होती. इ. स. १३८६ सालीं विंडसर येथें दोन्ही राज्यांचा तह झाला, आणि त्याला बळकटी म्हणून पुढल्याच वर्षीं लँकेस्टरच्या ड्यूकची कन्या फिलिपा ही पोर्तुगालचा राजा पहिला जॉन ह्यास दिली. तो संसार सुखाचा झाला. समुद्रपर्यटनास उत्तेजन देणारा प्रसिद्ध राजपुत्र हेन्री हा त्याच जोडप्याचा मुलगा. उलट पक्षीं, स्पेनच्या स्नेहासाठीं इंग्लंडांत आणलेली आरागॉनची कॅथरिन ही आठव्या हेन्रीची राणी झाली. त्या विवाहाच्या भंगापायीं इंग्लंडचें राज्य ख्रिस्तसभेपासून तुटलें, हें वाचकांस विदित आहेच.

येथें एक विरोध नजरेस आल्यावांचून राहत नाहीं. त्रेंत येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाहाच्या साक्रामेंताविषयीं जे नियम केले, त्यांत जमीनदारांनीं व अधिकाऱ्यांनीं आपल्या प्रजेवर जुलूम करून त्यांचीं लग्नें लावूं नयेत, वधूवरांची संमति मोकळी असावी, अशी सक्त ताकीद आहे. म्हणजे गरीब कुळाच्या मुलीच्या संमतीला ख्रिस्तसभेनें कुंपण घातलें. परंतु राजाच्या मुलीची संमति बहुधा तिच्या वडिलांच्या मसलतखान्यांतच ठरत असे. ज्या राजकन्येची ही हकीकत आहे, तिचें असेंच झालें.

ब्रागांझाची कॅथरिन १६३८ सालीं नोव्हेंबरच्या २५ तारखेस, संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशीं, विला विसोझा येथें जन्मली. तेव्हां तिचा पिता राजा नव्हता, ब्रागांझाचा ड्यूक होता. पोर्तुगाल १५८० पासून स्पेनच्या राजाच्या अंमलाखालीं होतें. १६४० च्या १ डिसेंबर रोजीं लिस्बन येथील सरदारांनीं उठाव केला व ड्यूकास चवथा जॉन ह्या नांवानें गादीवर बसविलें. स्पेनशीं युद्ध जुंपलें, आणि तें पुढें अठ्ठावीस वर्षें चाललें. ह्या युद्धाची झळ ख्रिस्तसभेसही लागली. स्पेनच्या दडपणामुळें रोमनें नव्या राजास मान्यता दिली नाहीं. त्यानें सुचविलेल्या बिशपांस पोपमहाराज मंजुरी देईनात. पोर्तुगाल व त्याच्या वसाहतींतील गाद्या एकामागून एक रिकाम्या पडल्या. गोव्याच्या आर्चबिशपची गादीही त्यांतच होती. भांडण दोन राजांचें, आणि मेंढपाळावांचून राहिले ते हजारों कोसांवरील कळप!

चवथा जॉन १६५६ सालीं वारला. मुलगा अल्पवयी, म्हणून विधवा राणी ल्युइसा हिनें कारभार हातीं घेतला. ही बाई जन्मानें स्पॅनिश, पण पोर्तुगालच्या स्वातंत्र्यासाठीं तिनें कंबर कसली होती. १६५९ सालीं तिच्यावर मोठेंच संकट आलें. फ्रान्स व स्पेन ह्यांचा पिरेनीज पर्वतांतील तह झाला, आणि तोही लग्नानेंच शिक्कामोर्तब झाला. फ्रान्सचा चवदावा लुई ह्यानें स्पेनची राजकन्या वरिली, व पोर्तुगालास मदत न करण्याचें फ्रान्सनें कबूल केलें. एका लग्नानें पोर्तुगाल उघडें पडलें; तेव्हां दुसऱ्या लग्नानें त्यास आडोसा शोधणें राणीस प्राप्त झालें. १६६० च्या मे महिन्यांत दुसरा चार्लस इंग्लंडच्या गादीवर परत आला. तो अविवाहित होता, कर्जबाजारी होता, आणि इंग्लंडजवळ आरमार होतें. इतकें पुरेसें होतें.

राणी ल्युइसाचा वकील फ्रान्सिस्को द मेलो ह्यानें लंडनास बोलणें लाविलें. स्पेनच्या वकिलानें तें मोडण्यासाठीं नाना खटपटी केल्या. पण इंग्रजांस आंदणाचा मोह आवरला नाहीं. १६६१ च्या २३ जून रोजीं व्हाइटहॉल येथें करारावर सह्या झाल्या. पोर्तुगालनें वीस लक्ष क्रुझादो, म्हणजे सुमारें तीन लक्ष पौंड रोख, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील टँजिअरचें ठाणें, मुंबईचें बेट व बंदर, आणि पोर्तुगीज मुलखांत व्यापाराच्या सवलती द्याव्या. इंग्लंडनें पोर्तुगालच्या रक्षणासाठीं दोन हजार पायदळ व एक हजार घोडेस्वार आणि शिवाय लढाऊ जहाजें पाठवावीं, असें ठरलें. एका गुप्त कलमानें हिंदुस्थानांतील पोर्तुगीज ठाण्यांचें डच लोकांपासून रक्षण करण्याचेंही इंग्लंडच्या राजानें पत्करिलें.

मुंबईविषयींचें कलम अकरावें. त्यांत बेट, बंदर, त्यावरील हक्क, उत्पन्न व सार्वभौमत्व हीं सर्व इंग्लंडच्या राजास व त्याच्या वारसांस कायमचीं दिलीं आहेत. त्यांतच, तेथील रहिवाशांनीं इंग्लंडच्या राजाचे प्रजाजन होऊन राहावें व रोमन कॅथॉलिक धर्म आजपर्यंत जसा पाळीत आले तसा मोकळेपणानें पाळावा, असें वचन आहे. त्या काळीं खुद्द इंग्लंडांत कॅथॉलिकांस मिस्सा ऐकण्याची कायद्यानें बंदी होती. जें आपल्या घरच्या प्रजेस नाकारिलें, तें त्या राजानें सात समुद्रांपलीकडील कोळी, कुणबी व भंडारी ख्रिस्त्यांस कागदावर लिहून दिलें, ही गोष्ट लहान नव्हे. त्याच बेटावरील हिंदू व मुसलमान रहिवाशांच्या धर्माविषयीं मात्र ह्या कलमांत कांहींच नव्हतें, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

ह्या वचनाचे धनी कोण होते? १५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा ह्याच्याशीं झालेल्या तहानें वसई व तिच्याबरोबर मुंबई बेट पोर्तुगीजांकडे आलें. फ्रान्सिस्कन पाद्र्यांनीं माहीम येथें संत मायकेलचें देऊळ बांधलें. पुढें दादर, माझगाव वगैरे ठिकाणीं देवळें झालीं. करार झाला त्या वेळीं बेटावर सर्व जातिधर्मांची मिळून सुमारें दहा हजार वस्ती असावी, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. नारळीच्या वाड्या, भातशेतें, मिठागरें व मासेमारी ह्यांवर तिचा निर्वाह होता. ह्यांतील एकासही, तुमची बदली दुसऱ्या राजाकडे होत आहे, तुमची इच्छा काय, असें कोणी विचारिलें नाहीं.

राजकन्येस तरी कोणी विचारिलें होतें? १६६२ च्या वसंतांत ती इंग्रज आरमारांतून लिस्बनहून निघाली. आंदणाची रोख रक्कम पुरती जमली नव्हती. पैशाऐवजीं साखरेचा व इतर जिनसांचा भरणा गलबतांत करावा लागला. मे महिन्याच्या २१ तारखेस पोर्ट्समथ येथें तिचें लग्न लागलें. प्रथम खाजगी रीतीनें कॅथॉलिक विधि झाला, नंतर लोकांदेखत इंग्लंडच्या पंथाप्रमाणें विधि झाला. ती तेवीस वर्षांची होती, आणि नवऱ्याची भाषा तिला येत नव्हती. थोड्याच दिवसांत राजाने आपल्या रक्षेलीस राणीच्या खास दासींच्या यादींत घातलें. राणीनें प्रथम साफ नकार दिला. तेव्हां तिचे बहुतेक पोर्तुगीज लोक मायदेशीं परत पाठविण्यांत आले, आणि एकटी पडलेल्या त्या बाईस शेवटीं नमावें लागलें.

इकडे मुंबई ताब्यांत घेण्यासाठीं सर अब्राहाम शिपमन हा चारशें शिपाई घेऊन १६६२ च्या सप्टेंबरांत बंदरांत येऊन ठेपला. पण नवा विजरई आंतोनिओ द मेलो इ कास्त्रो हा बेट देईना. सनदेंत दोष आहेत, असें त्याचें म्हणणें. दुसरा वाद मोठा होता. साष्टी व ठाणें हीं मुंबईबरोबरच मिळालीं आहेत, असा इंग्रजांचा दावा, तर आंदण फक्त बेटाचें, असा पोर्तुगीजांचा जबाब. शिपमनचे लोक कारवारजवळील अंजदीव बेटावर उतरले, आणि पावसानें, तापानें व उपासमारीनें एकामागून एक मरूं लागले. १६६४ च्या एप्रिलांत शिपमनही तेथेंच वारला. चारशेंपैकीं जेमतेम शंभर शिपाई उरले. ह्याच सुमारास, १६६३ च्या जानेवारींत, डच लोकांनीं कोची घेतली. करारांतील गुप्त कलम असूनही इंग्रजांचें साहाय्य पोंचलें नाहीं. ज्या मदतीसाठीं मुंबई द्यावयाची, ती मदत हिंदुस्थानांत तरी आली नाहीं, हें विजरईच्या मनांत सलत राहिलें.

अखेर लिस्बनहून निर्वाणीचा हुकूम आला. शिपमनचा चिटणीस हंफ्री कुक ह्याच्याशीं विजरईनें १६६५ च्या १४ जानेवारीस अटी ठरविल्या. इंग्रज मुंबईंत बसल्यास पोर्तुगीजांचें हिंदुस्थानांतील राज्य बुडेल, अशा आशयाचें पत्र त्यानें आपल्या राजास त्याच महिन्यांत लिहिलें. १८ फेब्रुवारी रोजीं दोना इग्नेस द मिरांदा ह्या विधवा जमीनदारणीच्या वाड्यांत ताबा देण्याचा समारंभ झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणें कुकनें बेटावरील माती व दगड हातांत घेतले, आणि मुंबई इंग्रजांची झाली. साष्टी, वांद्रें व वसई पोर्तुगीजांकडेच राहिलीं. त्यामुळें माहीमची खाडी ही दोन राज्यांची सीमा झाली. अलीकडे माहीमचें देऊळ व पलीकडे वांद्र्याचें देऊळ, एकच धर्म, एकच बोली, एकमेकांत सोयरिकी. पण मधून राज्याची हद्द गेली.

आतां ह्या लग्नाचा जमाखर्च पाहूं. इंग्रज पलटणी पोर्तुगालांत लढल्या, १६६५ सालीं मोन्तेस क्लारोस येथें स्पेनचा मोठा पराभव झाला, आणि १६६८ च्या १३ फेब्रुवारीस लिस्बनच्या तहानें स्पेननें पोर्तुगालचें स्वातंत्र्य मान्य केलें. पुढें रोमनेंही मान्यता दिली व रिकाम्या गाद्यांवर बिशप आले. राणी ल्युइसाचा हेतु सिद्धीस गेला. पण तो पाहावयास ती उरली नव्हती, १६६६ सालींच ती निवर्तली. इंग्लंडच्या राजास मात्र मुंबईचा खर्च झेपेना. लिस्बनच्या तहास दोन महिने झाले नाहींत तोंच, २७ मार्च १६६८ रोजीं, त्यानें हें आंदण दरसाल १० पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकिलें. टँजिअर तर १६८४ सालीं इंग्रजांनीं तट पाडून सोडून दिलें.

राहतां राहिलें तें अकराव्या कलमांतील वचन. न्यायानें बोलावयाचें तर तें अगदींच मोडलें असें नाहीं. देवळें उघडीं राहिलीं, मिस्सा चालू राहिल्या, सण व मिरवणुकी झाल्या. गव्हर्नर ऑन्जिअर ह्याच्या कारकीर्दींत इतर धर्मांच्या लोकांसही अभय मिळालें व वस्ती वाढली. परंतु जमिनीचे हक्क डळमळीत झाले. कोणाची वाडी कोणत्या सनदेची, ह्याचे तंटे माजले. अखेर १६७२ सालीं बेटावरील जमीनधारकांनीं दरसाल २० हजार शेराफीन देण्याचें कबूल करून आपल्या वाड्या व शेतें राखिलीं. १६८९-९० सालीं जंजिऱ्याच्या सिद्दीनें मुंबईवर स्वारी केली. तीत जेसुइटांनीं शत्रूस मदत केली, असा आरोप ठेवून कंपनीनें त्यांच्या जमिनी जप्त केल्या. परळ येथील मठाचें पुढें गव्हर्नराचें निवासस्थान झालें, आणि आज त्याच वास्तूंत हाफकिन संस्था आहे.

पण त्या वचनांतील खरी उणीव निराळीच होती. भक्ति मोकळी असावी, असें त्यांत लिहिलें होतें. मेंढपाळ कोणी नेमावा, हें लिहिलें नव्हतें. पोर्तुगालच्या राजाला पोपमहाराजांकडून पूर्वेकडील ख्रिस्तसभेच्या आश्रयदानाचे हक्क मिळालेले होते. राज्य गेलें तरी हक्क आपलाच, असें पोर्तुगीज म्हणत. आमच्या बेटावर परक्या राजाचे पाद्री नकोत, असें कंपनी म्हणे. १७२० सालीं कंपनीनें पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांस मुंबईंतून घालवून दिलें, आणि रोमहून नेमलेल्या कार्मेलाइट विकार अपोस्तोलिकांच्या हातीं देवळें सोंपविलीं. तेव्हांपासून एकाच बेटावर दोन अधिकार, दोन पक्ष असा प्रकार सुरू झाला. १७९४ सालीं चार देवळें दोहोंत सारखीं वाटलीं गेलीं. १८५३ सालीं तर माहीमच्या देवळांत बिशप हार्टमन ह्यांस विरुद्ध पक्षाच्या लोकांनीं वेढा घातला. भाऊ भावाशीं बोलेना, एका घरांतील माणसें दोन देवळांत जाऊं लागलीं. ही दुफळी मिटली ती १९२८ च्या कराराने. ज्या वचनांत दोन राजांनीं चार शब्द लिहावयाचे सोडले, त्यांची किंमत अडीचशें वर्षें साध्या लोकांनीं भरली.

वसई व साष्टीच्या बांधवांवर दुसराच प्रसंग आला. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, पोर्तुगीज अंमल संपला, आणि बहुतेक पाद्री निघून गेले. शरणागतीच्या अटींत धर्मपालनाचें अभय होतें. तरी पुष्कळ देवळें ओस पडलीं. त्या दिवसांत देशी धर्मगुरूंनीं एकेकानें अनेक गांवें सांभाळिलीं. वाडीवाडींतील आयाबायांनीं मुलांस प्रार्थना शिकविल्या. सन्त गोन्सालो गार्सिया ह्यांच्या जन्मभूमींत दीप विझला नाहीं. ह्याच वसईस १९९८ सालीं स्वतंत्र धर्मप्रांताचा मान मिळाला.

आतां त्या राणीविषयीं दोन शब्द. तिचीं अपत्यें जगलीं नाहींत. इंग्लंडच्या पंथाचा अभिषेक घेणें नको म्हणून तिचा राज्याभिषेक कधींच झाला नाहीं. १६७८ सालीं टायटस ओट्स नांवाच्या लबाडानें कॅथॉलिकांच्या कटाचें कुभांड रचलें. राणी राजास विष घालणार आहे, असाही आरोप केला. त्या वावटळींत अनेक निरपराध्यांस प्राणांस मुकावें लागलें. आर्मा येथील आर्चबिशप संत ऑलिव्हर प्लंकेट १६८१ सालीं फांसावर गेले. राणीनें धर्म सोडला नाहीं, आणि राजानेंही, त्याच्या पदरीं इतर दोष कितीही असले तरी, तिला शत्रूंच्या स्वाधीन केलें नाहीं. १६८५ च्या फेब्रुवारींत तो मरणशय्येवर पडला. तेव्हां राणीच्याच सेवेंतील पाद्री जॉन हडलस्टन ह्यांस मागल्या दारानें आणण्यांत आलें. ह्याच पाद्र्यांनीं १६५१ सालीं वूस्टरच्या पराभवानंतर त्याचा जीव वांचविण्यास साहाय्य केलें होतें. त्यांच्या हातून राजाने ख्रिस्तसभेंत प्रवेश करून साक्रामेंतें घेतलीं. राणीनें क्षमा मागण्याचा निरोप धाडिला असतां, क्षमा तर आपणच तिची मागावयाची, असें तो म्हणाल्याचें नमूद आहे. १६९२ सालीं ती इंग्लंड सोडून मायदेशीं निघाली. १७०४-०५ सालीं तिनें भावाच्या वतीनें पोर्तुगालचा कारभार कुशलतेनें पाहिला, व १७०५ च्या ३१ डिसेंबरास ती देवाघरीं गेली. तिच्या नांवानें जें बेट दिलें गेलें, तें तिनें डोळ्यांनीं कधींही पाहिलें नाहीं.

असो. राजांचीं लग्नें तह बांधतात, आणि राजांची सोय संपली कीं ते तह सुटतात. ह्या एका लग्नानें पोर्तुगालचें स्वातंत्र्य टिकलें, हें खरें. परंतु दिलेल्या वचनांपैकीं निम्मीं अपुरीं राहिलीं, निम्मीं विसरलीं गेलीं. आज त्या दोन राज्यांपैकीं एकाचीही सत्ता आपल्या किनाऱ्यावर नाहीं. तरी माहीमची घंटा वाजते, वांद्र्याची वाजते, वसईची वाजते. हें अकराव्या कलमामुळें झालें, असें आम्हांस म्हणवत नाहीं. बाप्तिस्म्याच्या वहींत नांव घालण्यासाठीं मूल कडेवर घेऊन चालत गेलेल्या बापानें, तंट्याच्या काळींही रोझरी न सोडलेल्या आजीनें, आणि धर्मगुरूपुढें दोन साक्षीदारांसमक्ष मोकळ्या मनानें होकार देणाऱ्या गरीब वधूवरांनीं हें राखिलें. त्या वधूस राजकन्येचें आंदण नव्हतें. पण तिचा होकार तिचा स्वतःचा होता.

म्हणून ज्युबिलीच्या ह्या दिवशीं आपल्या देवळाच्या वहींतील जुनीं पानें आदरानें उघडावीं, त्यांतील नांवें मुलांस वाचून दाखवावीं, आणि ज्यांचीं नांवें कोणत्याच तहांत आलीं नाहींत त्या आपल्या पूर्वजांच्या आत्म्यांस विसावा मिळावा म्हणून एक प्रार्थना करावी. कॅथरिन राणीलाही त्या प्रार्थनेंत विसरूं नये. प्रभु येशू ख्रिस्त आपल्या सर्व कुटुंबांस आशीर्वाद देवो.